छिद्र किती मिलिमीटरचे? व्हिडिओत पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी लेन्स आणि अडॅप्टर निवडताना

घरगुती मुलाखत चित्रित करायची म्हटली की पुण्या-मुंबईत बहुतेक वेळा १० बाय १२ फुटांची खोली वाट्याला येते. त्या खोलीत एक कपाट असते, एक खिडकी असते, भिंतीवर घड्याळ आणि दिनदर्शिका असते. आणि पाहणाऱ्याचे लक्ष बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरच राहावे म्हणून हे सगळे धूसर दिसावे अशी आपली इच्छा असते. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सने ते साधत नाही. मग आपण एफ/१.४ची, म्हणजे मोठ्या छिद्राची (अ‍ॅपर्चरची), लेन्स शोधू लागतो, तिची किंमत पाहून जुन्या लेन्सकडे वळतो, जुनी लेन्स कॅमेऱ्याला बसत नाही म्हणून अडॅप्टर मागवतो, आणि सगळे हातात आल्यावर कळते की दूरचे काहीच फोकसमध्ये येत नाही किंवा अ‍ॅपर्चर बदलण्याची सोयच नाही. माझ्या मते चूक या क्रमात आहे. आधी खोलीतली अंतरे, मग लेन्सचे छिद्र, त्यानंतर माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते तो जोड) आणि अडॅप्टर, असा क्रम धरला तर निम्मा खर्च वाचतो आणि उरलेला योग्य जागी होतो.

आधी खुर्ची हलवावी

पार्श्वभूमी किती धूसर होईल हे ठरवणारे एक साधे गणित आहे, आणि ते लेन्सच्या जाहिरातीत सहसा सापडत नाही. लेन्सच्या छिद्राचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याला बोलणाऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराने गुणावे आणि कॅमेऱ्यापासून भिंतीपर्यंतच्या एकूण अंतराने भागावे. जे उत्तर येते तेवढ्या मिलिमीटरच्या ठिपक्याएवढा भिंतीवरचा प्रत्येक बिंदू पसरतो, आणि तो ठिपका चेहऱ्याच्या पातळीवर ठेवला आहे असे समजून त्याचा आकार चेहऱ्याशी ताडून पाहता येतो.

हेच गणित वरच्या खोलीत करून पाहू. खोलीची लांबी सुमारे ३.६६ मीटर आहे. त्यातून ट्रायपॉड आणि मागे उभा राहणारा माणूस यांची जागा वजा केली तर कॅमेऱ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत साधारण २.९ मीटर मिळतात. एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ३५ मिमी एफ/१.८ लेन्स आहे, म्हणजे छिद्र १९ मिमीच्या आसपास आहे, असे धरू. बोलणाऱ्याची खुर्ची भिंतीपासून अर्ध्या मीटरवर असेल तर ठिपका जेमतेम ३ मिमीचा होतो आणि दिनदर्शिकेवरच्या मोठ्या तारखा वाचता येतात. खुर्ची ९० सेंटिमीटर पुढे ओढली, म्हणजे कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर आणली, तर ठिपका ९ मिमीच्या पुढे जातो. लेन्स तीच असताना धूसरपणा जवळजवळ तिप्पट झाला आणि खर्च शून्य आला. चौकट अधिक जवळची झाली हे खरे, पण सुमारे एक मीटर रुंदीची चौकट डोके-खांद्यांच्या मुलाखतीला पुरते.

त्यातही आणखी जागा हवी असेल तर कॅमेरा कोपऱ्यात लावून समोरच्या कोपऱ्याकडे रोखावा, कारण १० बाय १२च्या खोलीचा कर्ण सुमारे ४.७५ मीटर भरतो. खोलीला दार असेल आणि दारापलीकडे दिवाणखाना असेल तर दार उघडे ठेवून तोच पार्श्वभूमीला घ्यावा. मी कोणत्याही घरी चित्रीकरणाला गेलो की लेन्सची पिशवी उघडण्याआधी मोजपट्टी काढतो. यजमानांना ते विचित्र वाटते, पण नंतरचा तासभर त्याने वाचतो.

मग छिद्र मोजावे

एफ-क्रमांक म्हणजे फोकल लांबी (लेन्सवरचा मिमीचा आकडा; तो जितका मोठा तितकी चौकट आवळते) भागिले छिद्राचा व्यास. म्हणून फोकल लांबीला एफ-क्रमांकाने भागले की छिद्र मिळते. लेन्स कोणत्याही कंपनीची, कोणत्याही काळातली आणि कोणत्याही आकाराच्या सेन्सरसाठी असली, तरी तिची दुसरीशी तुलना या एका आकड्यावर करता येते, हा त्याचा मोठा फायदा आहे. नेहमीची १६-५० मिमी किट लेन्स ५० मिमीवर एफ/५.६ देते, म्हणजे छिद्र ९ मिमीचे. १६ मिमीवर एफ/३.५ असूनही ते साडेचार मिमीवर येते. ३५ मिमी एफ/१.८चे १९ मिमी, ५० मिमी एफ/१.८चे २८ मिमी, ८५ मिमी एफ/१.८चे ४७ मिमी, आणि कुणाच्या कपाटात पडून असलेल्या जुन्या १३५ मिमी एफ/२.८चे ४८ मिमी. २४ मिमी एफ/१.४ ही लेन्स महाग असते, आकड्यानेही भारी वाटते. पण तिचे छिद्र १७ मिमीचेच आहे. रुंद कोनातून धूसरपणा महाग पडतो तो यामुळे.

मोठ्या छिद्राची लेन्स बहुधा लांब फोकल लांबीची असते, आणि लांब लेन्सला मागे सरकायला जागा लागते. ८५ मिमी घेऊन एपीएस-सी कॅमेऱ्यावर तीच एक मीटर रुंदीची चौकट हवी असेल तर साडेतीन मीटरपेक्षा जास्त अंतर लागते, म्हणजे वरच्या खोलीत कॅमेरा भिंतीच्या पलीकडे जातो. म्हणून लेन्स निवडताना पहिला प्रश्न ‘मागे किती सरकता येईल’ हा असावा. त्या अंतरातून हवी ती चौकट कोणती फोकल लांबी देते हे शोधावे, आणि त्या फोकल लांबीत परवडणारे सर्वांत मोठे छिद्र घ्यावे.

सेन्सरचे महत्त्वही याच वाटेने कळते. मोठा सेन्सर स्वतःहून काही धूसर करत नाही. त्याच चौकटीसाठी तो अधिक लांब लेन्स वापरू देतो, आणि लांब लेन्सचे छिद्र त्याच एफ-क्रमांकाला मोठे असते. मायक्रो फोर थर्ड्स या एपीएस-सीहून लहान सेन्सरवरची २५ मिमी एफ/१.७ ही फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरवरच्या ५० मिमी एफ/३.४सारखी पार्श्वभूमी देते, कारण दोन्हींचे छिद्र सुमारे १५ मिमीचे आहे. कॅमेऱ्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये मात्र एक खाच असते. काही कॅमेरे फोरके घेताना सेन्सरचा मधलाच भाग वापरतात, आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण चालू केले की चौकट आणखी आवळली जाते. त्यामुळे लेन्सचे गणित मांडण्यापूर्वी, ज्या सेटिंगमध्ये चित्रीकरण करणार आहोत त्याच सेटिंगमध्ये चौकट तपासून घ्यावी.

उथळपणाला मर्यादा असते

काही वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ कलाकाराची मुलाखत मी फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स एफ/१.४वर पूर्ण उघडी ठेवून, सव्वा मीटरपेक्षा थोड्या कमी अंतरावरून घेतली. कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यावर चित्र देखणे दिसत होते. घरी मोठ्या पडद्यावर पाहिले तेव्हा चष्म्याची कड धारदार होती आणि डोळे नव्हते. ते बोलण्याच्या भरात पुढे झुकले की चष्माही गेला आणि कान स्पष्ट झाला. त्या अंतरावर फोकसची पट्टी, म्हणजे जेवढ्या जाडीत सगळे धारदार दिसते ती, फक्त दीड सेंटिमीटरची होती, हे गणित मी मुलाखतीनंतर केले. पाऊण तासाच्या मुलाखतीतली वापरण्यासारखी वाक्ये वीस मिनिटांचीही नव्हती.

तेव्हापासून मी एक मोजमाप पाळतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचे अंतर साधारण १२-१३ सेंटिमीटर असते, आणि बसून बोलणारा माणूस सहज पाच सेंटिमीटर पुढेमागे होतो. फोकस हाताने धरायचा असेल तर पट्टी किमान १२ सेंटिमीटरची असावी. एपीएस-सीवर ३५ मिमी एफ/१.८ दीड मीटरवरून सुमारे १३ सेंटिमीटर देते, म्हणजे ती मुलाखतीला बरोबर बसते. फुल फ्रेमवर ५० मिमी लेन्स दोन मीटरवरून एफ/१.८ला १७ आणि एफ/२.८ला २६ सेंटिमीटर देते. हे आकडे सर्वसाधारण निकषाचे आहेत. फोरके चित्र मोठ्या पडद्यावर जवळून पाहिले जाणार असेल तर यांतून तिसरा हिस्सा तरी वजा करावा. पार्श्वभूमी आणखी धूसर हवी वाटली, तर अ‍ॅपर्चर आणखी उघडण्याऐवजी पार्श्वभूमी आणखी दूर न्यावी. पट्टी तेवढीच जाड राहते आणि धूसरपणा वाढतो.

अडॅप्टर: बसतो की नाही हे मिलिमीटर ठरवतात

लेन्सचा मागचा कडा आणि सेन्सर यांच्यात प्रत्येक माउंटचे ठरलेले अंतर असते. निकॉन एफसाठी ते ४६.५ मिमी, एम४२ स्क्रू माउंट आणि पेंटॅक्स के यांसाठी ४५.४६, कॅनन ईएफसाठी ४४, जुन्या कॅनन एफडीसाठी ४२ मिमी आहे. मिररलेस कॅमेऱ्यांत आरसा नसल्याने हे अंतर फार कमी आहे: कॅनन आरएफ २०, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५, सोनी ई १८, फुजी एक्स १७.७, निकॉन झेड १६ मिमी. नियम एवढाच की लेन्सचे अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त असावे. जो फरक उरतो तेवढ्या जाडीची पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर. ईएफ लेन्स सोनी ई कॅमेऱ्यावर लावायला २६ मिमीची नळी लागते, एम४२ला साडेसत्तावीस मिमीच्या जवळपास.

उलट बाजूने पाहिले तर फसगत कुठे होते ते दिसते. कॅनन एफडी लेन्स कॅननच्याच डीएसएलआरवर, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर, बसेल अशा समजुतीने पुष्कळांनी घेतली आहे. पण ४२ हा आकडा ४४पेक्षा कमी आहे, त्यामुळे मध्ये काच असल्याशिवाय ती अनंतापर्यंत, म्हणजे खूप दूरवर, फोकस होत नाही, आणि त्या स्वस्त काचेने चित्र मऊ पडते. एम४२ लेन्स निकॉन डीएसएलआरवर लावतानाही हीच अडचण येते. मिररलेसवर यातले काहीच आड येत नाही, म्हणून जुन्या लेन्स वापरायच्या असतील तर मिररलेस कॅमेरा घेणे शहाणपणाचे.

दुसरा प्रश्न अ‍ॅपर्चर कोण चालवणार हा. जुन्या निकॉन एआय-एस, एम४२, पेंटॅक्स के अशा लेन्सवर अ‍ॅपर्चरची कडी असते, त्यामुळे साधा पोकळ अडॅप्टर पुरतो. ईएफ लेन्सचे अ‍ॅपर्चर विजेवर चालते; तिला पोकळ अडॅप्टर लावला तर ती पूर्ण उघडीच राहते, म्हणून विद्युत संपर्क असलेला अडॅप्टर घ्यावा लागतो. कॅननच्या आर मालिकेवर ईएफ लेन्स कंपनीच्या २४ मिमीच्या काचविरहित अडॅप्टरने ऑटोफोकससकट चालते, आणि हा या विषयातला सर्वांत बिनडोकेदुखीचा मार्ग आहे. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरने मात्र एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही, कारण त्या लेन्स फिरवणारी मोटर कॅमेऱ्यात असायची आणि ती या अडॅप्टरमध्ये नाही. निकॉनच्या ‘जी’ प्रकारच्या लेन्सना कडीच नसते. त्यांच्यासाठी स्वतःची कडी असलेला अडॅप्टर मिळतो, पण त्या कडीवर एफ-क्रमांक नसतात, अंदाजाने काम करावे लागते. बऱ्याच एम४२ लेन्सच्या मागे छिद्र लहान करणारी एक छोटी पिन असते. लेन्सवर ‘ए-एम’ असा खटका नसेल तर पिन दाबून धरणारी कडा असलेलाच अडॅप्टर मागावा.

अडॅप्टर घरी आल्यावर तीन गोष्टी लगेच तपासाव्यात. लेन्स लावून हलकेच पिळावी. खडखडली तर फोकस फिरवताना चौकट हलणार, तो परत करावा. रात्री गच्चीवरून दूरच्या टेकडीवरचा दिवा पाहावा आणि फोकसची कडी अनंताच्या खुणेकडे नेत तो बारीक बिंदू होतो का ते पाहावे. खुणेच्या थोडे आधीच झाला तर हरकत नाही, कारण स्वस्त अडॅप्टर मुद्दाम थोडे पातळ करतात. झालाच नाही तर अडॅप्टर जाड आहे आणि त्याला उपाय नाही. शेवटी आतून टॉर्च मारावा: नळी आतून चकाकत असेल तर खिडकीचा उजेड चित्रावर धुके आणतो, आत काळे मखमली कापड चिकटवले की काम भागते. पोकळ अडॅप्टर असताना कॅमेऱ्याला लेन्स दिसत नाही, म्हणून मेनूमध्ये ‘लेन्सशिवाय शटर’ची परवानगी चालू करावी, आणि कॅमेऱ्यात सेन्सरचे स्थिरीकरण असेल तर फोकल लांबी हाताने भरावी. ती भरली नाही तर चित्र विचित्र हेलकावते.

बूस्टर नेमके काय करतो

पोकळ अडॅप्टरने छिद्र बदलत नाही, चौकट बदलत नाही, धूसरपणाही बदलत नाही. फोकल रिड्यूसर, ज्याला बाजारात सर्रास स्पीड बूस्टर म्हणतात, हा वेगळा प्रकार आहे. मेटाबोन्स कंपनीने २०१३मध्ये हे नाव रूढ केले. आता व्हिल्ट्रॉक्ससारख्या कंपन्यांचेही मिळतात. त्यात काच असते, आणि ती फुल फ्रेम लेन्सचे चित्र ०.७१ पट आकसून लहान सेन्सरवर टाकते. ५० मिमी एफ/१.८ ही लेन्स त्यामुळे ३५.५ मिमी एफ/१.३ होते आणि एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड मिळतो.

‘बूस्टरने ब्लर वाढतो’ असे सरसकट म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. ३५.५ला १.२८ने भागले तरी छिद्र २८ मिमीचेच येते. म्हणजे कॅमेरा त्याच जागी ठेवून पोकळ अडॅप्टर काढला आणि बूस्टर लावला तर फक्त चौकट रुंदावते. फायदा होतो तो लहान खोलीत: २८ मिमीच्या छिद्राची जी लेन्स घेऊन मागच्या भिंतीला टेकावे लागले असते, ती आता दीड मीटरवरून वापरता येते. आपल्या खोलीत, खुर्ची पुढे ओढल्यानंतर, साध्या ३५ मिमी एफ/१.८ने ठिपका ९ मिमीचा होता. बूस्टरसह ५० मिमी एफ/१.८ने तो साडेतेरा मिमीचा, म्हणजे शर्टाच्या बटणापेक्षा थोडा मोठा होतो. फोकसची पट्टी मात्र ९ सेंटिमीटरवर येते, त्यामुळे तिथे मी एफ-क्रमांक थोडा वाढवतो. बूस्टर फुल फ्रेम कॅमेऱ्यावर उपयोगाचा नाही, आणि केवळ एपीएस-सीसाठी बनवलेली लेन्स एपीएस-सीवर बूस्टरने लावली तर कोपरे काळे पडतात. मायक्रो फोर थर्ड्स हा अपवाद आहे: सिग्माची १८-३५ मिमी एफ/१.८ एपीएस-सीसाठीच आहे, पण त्या लहान सेन्सरवर बूस्टरसह ती वर्षानुवर्षे आवडीने वापरली गेली आहे.

जुनी लेन्स घ्यायची झाली तर

व्हिडिओसाठी जुन्या लेन्सचे खरे मोल तिच्या फोकसच्या कडीत आहे. नव्या ऑटोफोकस लेन्सची कडी कितीतरी वेळा नुसती विजेचा इशारा देते. हळू फिरवली तर एक अंतर, झटकन फिरवली तर दुसरे. जुन्या लेन्सची कडी प्रत्येक वेळी त्याच जागी तेच अंतर दाखवते, तिच्यावर टेप लावून खुणा करता येतात, आणि ती लांबवर फिरते म्हणून बारीक हालचाल जमते. सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ/२, एम४२ माउंटची, ही सुरुवातीला चांगली: तिच्यावर दोन कड्या असतात, एक खटक्यांची आणि एक बिनखटक्याची, त्यामुळे चित्रीकरण चालू असतानाही अ‍ॅपर्चर आवाज न करता बदलता येते. झाडीसमोर तिची पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी गोल फिरल्याचा भास होतो. लघुपटातल्या एका दृश्यात ते शोभते. तासाभराच्या मुलाखतीत त्याचा कंटाळा येतो. मला स्वतःला निकॉन एआय-एस ५० मिमी एफ/१.८ अधिक कामाची वाटते, फक्त तिची फोकसची कडी कॅननच्या उलट दिशेने फिरते, आणि दोन्ही प्रकार एकाच पिशवीत असले की घाईत हात चुकतो.

फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा कुणाच्या घरून जुनी लेन्स घेताना टॉर्च जवळ ठेवावा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून उजेड टाकावा आणि पुढून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, ती लेन्स स्वस्तातही घेऊ नये. दुधाळ झाक दिसली तर उजेडाकडे रोखल्यावर चित्र फिके पडणार. चार-दोन धूलिकण आणि पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा यांनी काही बिघडत नाही, विक्रेत्याला भाव कमी करायला लावण्यापुरता त्यांचा उपयोग करावा. फोकसची कडी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावी. मध्ये अडखळली किंवा सैल पडली तर ग्रीस वाळले आहे, आणि ते बदलून घेण्याचा खर्च कधी कधी लेन्सच्या किमतीएवढा होतो.

जिथे माणूस चालत येतो, लहान मूल पळते, वरात पुढे सरकते, तिथे हे सगळे बाजूला ठेवून कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माउंटची, डोळा ओळखणाऱ्या ऑटोफोकसची एफ/१.८ लेन्स लावावी. लग्नात हाताने फोकस ओढण्याचा हट्ट मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा मंगलाष्टकांचा शेवट हुकवला.

उन्हात एनडी फिल्टर लागतोच

भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने दिव्यांचा लुकलुकाट टाळण्यासाठी सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ही जोडी सोयीची. पण भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/५० ठेवले तर योग्य उजेडासाठी अ‍ॅपर्चर एफ/२२ लागते. तिथून एफ/२वर यायचे म्हणजे सात स्टॉप, म्हणजे उजेड १२८ पट कमी करणारा एनडी फिल्टर हवा. लॉग प्रोफाइलसाठी (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिके चित्र घेण्याचे सेटिंग) आयएसओ ८००वर राहावे लागत असेल तर आणखी तीन स्टॉप, म्हणजे सुमारे १००० पट. शटरचा वेग वाढवून वेळ मारून नेली तर चालणाऱ्याच्या हातापायांची हालचाल तुटक दिसते. फिरवून कमी-जास्त होणारा एनडी सोयीचा असतो, मात्र त्याच्या कमाल खुणेपलीकडे नेला तर चित्रावर काळी फुली उमटते. प्रत्येक लेन्ससाठी वेगळा फिल्टर घेऊ नये: कॅनन ५० मिमी एसटीएम आणि हेलिओस ४४-२ यांचा फिल्टर बसवण्याचा आटा ४९ मिमीचा, सिग्मा १८-३५चा ७२ मिमीचा; एक चांगला ७७ मिमीचा एनडी घ्यावा आणि बाकीच्यांना स्वस्तातल्या स्टेप-अप कड्या लावाव्यात.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी एक काम उरकून घ्यावे. जुन्या लेन्ससोबत आलेली चामड्याची डबी टाकून द्यावी, कारण बुरशी तिथूनच येते. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवाव्यात, आत शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवून काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहतो का ते आठवड्याला पाहावे, आणि जेलचा रंग बदलला की ते कढईत मंद आचेवर वाळवून, गार करून पुन्हा डब्यात टाकावे. ती कढई मात्र पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये.